पऱ्हाटीतला फोटो

माझ्या वडलांना फोटोचं वावडं होतं. लग्नकार्यात ते कायम पंगतीत वाढायला असत. नातेवाइकांचे अल्बम उघडले की त्यांची पाठ दिसते, हातातली वरणाची बादली दिसते, चेहरा काही दिसत नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नव्हता असं ते सांगत. आला होता, पण याच्यात नवरदेव कोणता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, असं आई सांगे. माझ्या लग्नात मी त्यांना हाताला धरून स्टेजवर ओढलं, तर नेमके डोळे मिटले.

असा माणूस सरकारसाठी मात्र दाढी करून फोटोला उभा राहायचा, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आमचं शेत मूर्तिजापूरकडे. काळी माती, पऱ्हाटी आणि सोयाबीन. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आमच्याकडे तिला कुणी कपाशी म्हणत नाही. पूर्वी कोणत्या शेतात काय पेरलंय हे तलाठी लिहायचा, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओट्यावर चहा पीतच लिहायचा. एका वर्षी आमच्या पऱ्हाटीच्या वावरात त्यानं ज्वारी लिहून ठेवली. बाबा म्हणाले, "भुकेला असन बिचारा, भाकर आठोली." पण त्या ज्वारीपायी पुढं नुकसानभरपाईच्या वेळी तहसीलच्या चकरा मारताना त्यांची विनोदबुद्धी आटली होती.

मग सरकारनं पीक पाहणीचं ॲप काढलं. शेतकऱ्यानं स्वतः आपल्या वावरात जायचं, फोनला जागा सापडू द्यायची, पीक निवडायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. नोंद थेट सातबाऱ्यावर. मध्ये ओटा नाही, चहा नाही, ज्वारी नाही. मी सरकारचं कौतुक फार करणाऱ्यांतली नाही, पण हे मला मनापासून पटलं. बाबांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून दर हंगामाला मी अमरावतीहून माझा फोन घेऊन जायची. एकुलती एक लेक. मी नाही तर कोण जाणार?

पहिल्या वेळी मी म्हटलं, "बाबा चला, वावरातला फोटो काढायचाय." ते आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा दाढी केलेली, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि आईनं लग्नाकार्यासाठी राखून ठेवलेला सदरा. मला हसू आवरेना.

"अहो बाबा, पिकाचा फोटो पाहिजे. तुमचा नाही."

"पिकाचाच काढ न. मी पिकात उभा रायतो."

"पण कशाला?"

"वावर कोनाचं हाये हे त्याहिले कसं समजन? पऱ्हाटी काय नाव सांगते काय?"

यावर माझ्याकडं उत्तर होतं. गट नंबर असतो, खातं असतं, फोनवर आधी सगळं भरलेलं असतं. ते मी सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पऱ्हाटीत जाऊन उभे राहिले. आणि हे काही एकट्या बाबांचं खूळ नव्हतं. शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांचे एक दोस्त इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते आणि त्यांनी बैलजोडीही आणली होती, शिंगांना रंग लावून. पलीकडच्या वावरात एक अख्खं कुटुंब रांगेत उभं होतं, तान्ह्या बाळासकट. सरकारनं पहिल्यांदाच फोटो मागितला होता, तर नुसत्या रोपट्यांचा पाठवायचा, हे आमच्या गावाला बरं वाटलं नव्हतं. पीक दिसतंय तोवर ॲपचीही काही हरकत नव्हती. मी म्हटलं, उभे राहा बापा.

त्यांच्या दोन अटी असत. एक म्हणजे पाय दिसले पाहिजेत. "पाय घेजो फोटोत. नाही तं ते म्हननार, बुढा घरीच उभा होता, मांगं पऱ्हाटीचा पडदा लावला." पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली, तिच्यात पाय कुठले दिसणार? मग ते धुऱ्याच्या कडेला यायचे, चपला काढून ठेवायचे आणि काळ्या मातीत अनवाणी उभे राहायचे.

दुसरी अट त्यांनी स्वतःच स्वतःला घातलेली होती. फोटो 'जाईपर्यंत' हलायचं नाही. आमच्या वावरात रेंज कधी असते, कधी नसते. पाठवा म्हणून दाबलं की पडद्यावर एक गोल फिरत बसतो. तो गोल फिरे तोवर बाबा उन्हात ताठ उभे. मी ओरडायची, "अहो झाला काढून! या इकडं!" ते ओठ न हलवता विचारायचे, "गेला का?" त्यांना वाटायचं, अर्ध्या वाटेत आपण हललो तर तिकडं हललेला फोटो पोचेल. मी किती वेळा समजावलं. शेवटी नाद सोडला.

आई माझ्या पाठीमागं उभी राहून हे सगळं बघायची. बाबा तिला दरवेळी बोलवत, "ये न, तूबी उभी राय." तिचं उत्तर ठरलेलं.

"मी कायले? सातबाऱ्यावर माह्यं नाव थोडंच हाये?"

हे ती चिडून म्हणायची नाही, चिडवून म्हणायची. बाबांना ते लागायचं की नाही, ठाऊक नाही. ते हसायचे.

शेवटच्या खरिपातला फोटो मला जसाच्या तसा आठवतो. पऱ्हाटीला फुलं लागली होती, पिवळी, काही गुलाबी पडलेली. बाबा धुऱ्यावर अनवाणी उभे. मी "इकडं बघा" म्हणते तोच आई मागून म्हणाली, "बाप्पा! जसं काई पुन्हा लगनच लागून राह्यलं." बाबा हसले. गाल वर गेले, दातांतली फट दिसली, आणि नजर फोनकडं नाही, माझ्या खांद्यावरून मागं, तिच्याकडं. तेवढ्यात माझ्याकडून बटण दाबलं गेलं. मी म्हटलं, दुसरा काढू, तुम्ही इकडं पाहिलंच नाही. ते म्हणाले, "राहू दे. पऱ्हाटी त पाऊन राह्यली न."

त्या दिवशी घरी परतताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पायला असन का आतापरेंत त्याहिनं?" मी म्हटलं, "बाबा, अख्ख्या महाराष्ट्रातून फोटो जातात. कोण बसलंय पाहत?"

"पायत असन कोनीतरी," ते म्हणाले. "नाही तं मांगतला काहून असता?"

थंडीत ते गेले. सकाळी चहा घेऊन, गोठ्यात जाऊन येतो म्हणाले आणि गोठ्यातच बसल्या जागी गेले. आजारी नव्हते, तक्रार नव्हती. मी अमरावतीहून पोचले तोवर त्यांना अंगणात ठेवलं होतं. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला आहे, हात पुढं जात नाही.

तेरवीला फोटो लागतो. हार घालायला, कुंकू लावायला, आलेल्या माणसाला हात जोडायला. घरात शोधाशोध झाली आणि पाठी, बादल्या, मिटलेले डोळे यांपलीकडं काही निघालं नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मूर्तिजापूरच्या एका स्टुडिओत दिला. कार्डावरचा म्हणजे कसा, तर कुणीतरी दटावून बसवल्यासारखा. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला, चेहरा गोरा केला आणि आपल्या मनानं बाबांच्या अंगात निळा कोट घातला. वर टाय. मागं डोंगर आणि धबधबा. असं तो सगळ्याच मयतांना करतो म्हणे, लोकांना आवडतं.

आईनं फ्रेम हातात घेतली. बराच वेळ पाहिली.

"हा कोन साहेब आनला?" ती म्हणाली. "हा माह्या घरचा मानूस नाही."

पाहुणे येणार होते म्हणून त्या दिवसापुरता तोच साहेब पाटावर बसला. हार त्याला, नैवेद्य त्याला. शेवटची बाई निघून गेल्यावर आईनं तो हार काढला, फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीत टाकली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"तो पऱ्हाटीतला आन. त्याच्यात ते माह्याकडं पाऊन राह्यले."

मी म्हटलं, लगेच काढून आणते, माझ्याच तर फोनमध्ये आहे.

फोनमध्ये नव्हता. तो फोटो ॲपच्या आतून काढलेला, माझ्या फोटोंत तो कधी उतरलाच नव्हता. ॲप उघडलं, तर आधी नवीन आवृत्ती घ्या म्हणालं. घेतली. मग आमचा गट नंबर आला, बाबांचं नाव आलं, आणि चालू हंगामासाठी नोंद करा असं आलं. मागचा खरीप कुठंच नव्हता. मी किती ठिकाणी बोट दाबलं असेल त्याला गणती नाही. आई शेजारी बसून पडद्याकडं बघत होती, जसा काही आत्ता उघडेल.

सातबाऱ्याच्या कामासाठी तलाठी कार्यालयात जायचं होतंच. आमच्या सज्जाला आता एक तरुण मुलगी तलाठी आहे, बाहेरच्या जिल्ह्यातली. तिच्या टेबलावर लॅपटॉप, पाठीमागं जुन्या बस्त्यांचा ढीग. मी फोटोचं सांगितलं. ती सांगू लागली की आलेल्या फोटोंपैकी थोडेच तिच्याकडं तपासणीला येतात, ते बघून ती मान्य करते, हंगाम संपला की तिच्या लॉगिनमधून ते निघून जातात. सांगता सांगता थांबली.

"ताई, टोपी घातलेले होते का? अनवाणी? मागे फुलावर आलेली कपाशी?"

मी मान हलवली.

"मला आठवतात ते. दिवसभर नुसती हिरवी पानं बघून डोळे दुखतात हो, मध्येच एकदम ते आले. कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होते. मी शेजारच्या मॅडमना बोलावून दाखवला होता."

मी तिच्या टेबलाशी उभी राहून रडले. लाज वाटली नाही. पाहिला होता. कुणीतरी खरंच पाहिला होता, आणि दुसऱ्याला बोलावून दाखवलाही होता, आणि हे सांगायला मला बाबा पाहिजे होते. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. "मी तेव्हा त्याचा फोटो काढून ठेवायला हवा होता," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जणू तिचाच काही अपराध होता.

त्यानंतर मी सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवर लिहिलं. सगळं नीट लिहिलं, वडील वारले, दुसरा फोटो नाही, आई वाट पाहते. लगेच क्रमांक आला, बरं वाटलं. मग काही आठवड्यांनी उत्तर आलं की अर्जदाराच्या गटातील पिकाची नोंद सातबाऱ्यावर झालेली असून ती संकेतस्थळावर पाहता येईल, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली पाच चांदण्या होत्या. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? मी फोन गादीवर फेकला. माझा नवरा म्हणाला, फुटेल. मी म्हटलं, फुटू दे.

याउलट वारसाची नोंद किती सुरेख झाली! अर्ज अमरावतीत घरी बसून केला. कागद फोननं वर चढवले. प्रत्येक पायरीला मेसेज. पूर्वी याच कामाला लोकांच्या चपला झिजायच्या, ओळखी काढाव्या लागायच्या. आमचं काम कुणाचं तोंडही न बघता झालं. नवीन सातबारा उघडला, तर बाबांच्या नावाला कंस पडलेला, म्हणजे नाव कमी झालेलं, खाली आईचं नाव, मग माझं. सरकारच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि मला त्या कंसाचा इतका राग आला की मी दोन घास जेवू शकले नाही.

अकोल्यालाही जाऊन आले. तिथल्या एका कार्यालयात संगणक विभागात एक साहेब होते, वयानं बाबांहून थोडे लहान, भाषा आमचीच. त्यांनी मला हाकललं नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकलं. मग एकदोघांना फोन लावले. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, खोटं नाही सांगत. फोटो हाये. कुठी गेला नाही. पन तो मुंबईले का पुन्याले, कोन्या मशिनीत, आपल्या हातानं नाही निंघत. आन खरं सांगू का? तिथं तुमच्या बाबाचा फोटो म्हनून काहीच नाही. तिथं गट नंबर हाये. गटाखाली हंगाम, हंगामाखाली पऱ्हाटी. मशिनीच्या हिशोबानं तो पऱ्हाटीचा फोटो होय."

मी विचारलं, मग तो तिथंच राहणार?

"राहिला तं तिथंच राहीन. दर सालचा फोटो त्याच गटाखाली, एकामांगं एक."

येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते. आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, आणि प्रत्येक वाक्य थोड्या वेळानं खोटं वाटायचं. शेवटी घरी जाऊन होतं तसं सांगितलं. फोटो आहे, पण मिळणार नाही. मशीनमध्ये आहे, गटाच्या नंबराखाली. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मला वाटलं, विषय संपला. भिंतीवर खिळा ठोकलेला होता, तो तसाच रिकामा राहिला.

पुन्हा खरीप आला. आईनं वावर बटईनं दिलं नाही, माणसं लावून स्वतः पेरलं. पऱ्हाटी कमरेला आली, फुलं लागली, आणि पीक पाहणीचे मेसेज सुरू झाले. मला जायचं जिवावर आलं होतं. म्हटलं, जाऊ, चार रोपट्यांचा फोटो काढू आणि परत येऊ.

घरी पोचले तर आई ओट्यावर बसलेली. आंघोळ झालेली, वेणी घातलेली, नेसणीत माझ्या लग्नातलं पातळ. आम्ही दोघी वावरात गेलो. मी ॲप उघडलं, फोनला जागा सापडायची वाट पाहू लागले.

"एक सांग," ती म्हणाली. "त्याहिचा फोटो जिथं हाये, हा तिथंच जाईन न?"

मला अकोल्याचे ते साहेब आठवले. गटाखाली हंगाम. एकामागं एक.

"हो," मी म्हटलं. "तिथंच. त्याच नंबराखाली."

"त्याहिच्या बाजूलेच?"

"हो आई. बाजूलाच."

तिनं चपला काढल्या. धुऱ्यावर, बाबा उभे राहायचे त्याच जागी जाऊन ती काळ्या मातीत उभी राहिली. पदर सारखा केला. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागं, जिथं ती स्वतः उभी राहायची तिकडं पाहिलं.

"आता हाये न माह्यं नाव सातबाऱ्यावर," ती म्हणाली. "पाय घेजो."

मी पाय घेतले. पडद्यावरचं मला धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मी नाक ओढत बटण दाबलं आणि पाठवा म्हणून दाबलं. रेंज एक कांडी. गोल फिरायला लागला. ऊन चढलं होतं. मी तिला ये म्हटलं नाही आणि ती आली नाही. ताठ उभी होती, श्वाससुद्धा बेतानं घेत.

"गेला का?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

तेवढ्यात गोल थांबला. यशस्वी, असं हिरव्या अक्षरांत आलं, खाली गट नंबर, पीक कापूस.

मी तिला लगेच सांगितलं नाही. "जातोय," म्हटलं. थोडा वेळ राहू दे दोघांना.